वनौषधी, स्त्रियांचे संप्रेरक-विकार आणि दात्यांचा पैसा

(वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर भरलेल्या दाते व हितचिंतकांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च व ताळेबंद आपल्यापुढे सादर झालेला आहेच. प्रशासनाने या प्रसंगी खाटा, यंत्रसामग्री व इमारत निधी यांविषयी चार शब्द बोलावेत असा प्रघात आहे. आज मात्र औषधी वनस्पतींविषयी बोलण्याची अनुमती आम्ही अध्यक्षांकडे मागितली आणि त्यांनी ती कृपापूर्वक दिली. विषय वैद्यकाचा आणि बोलणार वाणिज्य शाखेचे पदवीधर, हे थोडे विपरीत वाटेल. तथापि त्यामागे कारण आहे. आपल्या काही दात्यांनी अत्यंत सद्भावनेने असा प्रस्ताव मांडला आहे की, पाळीच्या तक्रारी, थायरॉइडचे विकार व रजोनिवृत्तीचा त्रास असलेल्या गरजू स्त्रियांना वनौषधींची चूर्णे व काढे विनामूल्य वाटण्यासाठी एक स्वतंत्र निधी उभारावा. विश्वस्त मंडळाने त्यावर प्रशासनाचा अभिप्राय मागितला. आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांशी, आयुर्वेदाच्या वैद्यांशी व औषधनिर्मात्यांशी बोललो. छापील शोधनिबंध त्यांच्याकडून समजावून घेतले. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यासमोर ठेवीत आहोत.

प्रथम विकारांविषयी. संप्रेरक, म्हणजे ज्याला आपण हार्मोन म्हणतो, तो एका ग्रंथीने रक्तावाटे दुसऱ्या अवयवास धाडलेला निरोप होय. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, गळ्यातील अवटु ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, आणि स्त्रीबीजकोश यांच्यामध्ये अशा निरोपांची देवाणघेवाण अखंड चालू असते. एका ठिकाणी बिघाड झाला की त्याचे पडसाद दुसरीकडे उमटतात. म्हणूनच पाळी लांबली, या एकाच तक्रारीमागे गर्भारपण, थायरॉइडची मंदता, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा अतिरेक, स्त्रीबीजकोशाचा विकार किंवा रजोनिवृत्तीची चाहूल, यांपैकी काहीही असू शकते. तक्रार एक, कारणे पाच. आणि पाचांचे उपचार निरनिराळे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी विनंती आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच आधारलेले आहे.

यांपैकी स्त्रीबीजकोशाच्या ज्या विकाराला आज पीसीओएस म्हणतात, त्याचे वर्णन १९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या अभ्यासावरून केले. आज प्रजननक्षम वयातील दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला हा विकार असतो असे मानले जाते. अनियमित पाळी, चेहऱ्यावर लव, वजनवाढ, गर्भधारणेस विलंब आणि पुढे मधुमेहाचा धोका, असे त्याचे स्वरूप. त्यातही मूल होण्यास उशीर झाला की घरच्यांचे बोल त्या स्त्रीलाच ऐकावे लागतात. अशा वेळी कुणी एखाद्या मुळीचे नाव सांगितले तर ती आशेने तिकडे धाव घेते. तिला दोष देण्याचा अधिकार आपणांपैकी कुणालाही नाही.

शिवाय वनस्पतींवरील श्रद्धा आपल्या घराघरांत आहे आणि ती निराधार नाही. बाळंतिणीला शतावरी कल्प, अळिवाची खीर, डिंकाचे नि मेथीचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेपा. अंगावरून जास्त जात असेल तर अशोकारिष्ट. हे सारे आपल्या आज्यांनी जपलेले आहे. वनस्पतींमधून संप्रेरकांवरची औषधे मिळू शकतात काय, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. आपल्याच औषधालयाच्या फडताळावरील दोन गोळ्या त्याची साक्ष देतील.

पहिली गोळी मेटफॉर्मिन. मधुमेहासाठी ती आपणांस परिचित आहे. पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांनाही ती दिली जाते. तिचे मूळ युरोपातील गोट्स रू नावाच्या एका शेंगाधारी झुडपात आहे. या झुडपातील गॅलेजिन नावाचे द्रव्य रक्तातील साखर उतरवते, हे ध्यानात आल्यावर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहण्यात आले. परंतु ते विषारी असल्यामुळे सोडून द्यावे लागले. त्याच कुळीतील, पण अधिक सौम्य असे मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिन येथे प्रयोगशाळेत तयार झाले. फ्रान्समधील डॉ. झां स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहींवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि मग ते औषध म्हणून रुजले. झुडपाने दिशा दाखविली; गोळी हाती यायला मध्ये काही दशकांची पारख जावी लागली.

दुसरी गोळी नॉरएथिस्टेरॉन, जी अतिरक्तस्राव थांबविण्यासाठी आपले स्त्रीरोगतज्ज्ञ वरचेवर लिहून देतात. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या प्रारंभी रसेल मार्कर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने मेक्सिकोतील रानटी कंदांमधील डायोस्जेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-संप्रेरक बनविण्याची रीत बसविली. १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत सिन्टेक्स नावाची कंपनी स्थापन झाली, आणि तेथेच १९५१ साली नॉरएथिस्टेरॉन तयार झाले. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. डायोस्जेनिनचे प्रोजेस्टेरॉन होते ते प्रयोगशाळेत. मानवी शरीराला ते रूपांतर साधत नाही. आपल्या मेथीतही डायोस्जेनिन आहे, परंतु मेथीचे लाडू खाऊन प्रोजेस्टेरॉन वाढत नाही. कंदापासून केलेली मलमे ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ म्हणून विकली जातात, त्यांच्याबाबत हीच गफलत होते.

आता प्रस्तावाकडे वळू. आम्ही हिशेबाची माणसे. रुग्णालयाच्या भांडारात कोणताही माल आला की आम्ही चार गोष्टी पाहतो. मागविला तोच माल आहे काय? माप बरोबर आहे काय? त्यात भेसळ नाही ना? आणि वापरल्यावर उपयोग होतो काय? सलाइनच्या बाटलीला आणि टाक्यांच्या दोऱ्याला जी कसोटी, तीच चूर्णाच्या पुडीला लावावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पहिली गोष्ट ओळखीची. अशोकारिष्टात जी साल पडते ती सीतेच्या अशोकाची, म्हणजे शेंदरी-केशरी फुलांचे गुच्छ येणाऱ्या खऱ्या अशोकाची. शहरांतील इमारतींच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा, लांब लाटांसारख्या कडांच्या पानांचा जो वृक्ष आपण अशोक म्हणून ओळखतो, तो निराळ्या कुळातील आहे. खरा अशोक आता दुर्मीळ झाला असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या धोक्यातील प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. मागणी मोठी आणि झाडे थोडी, अशी स्थिती झाली की बाजारात दुसरीच साल अशोकाची म्हणून येते. उभ्या अशोकाच्या सालीची भेसळ अभ्यासकांना वारंवार आढळली आहे. हिमालयात डायोस्जेनिनसाठी खणल्या गेलेल्या रानकंदाचीही अशीच लूट झाली, आणि आज त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आपण मोफत वाटपासाठी घाऊक खरेदी करणार असू, तर पोत्यातील साल कोणत्या झाडाची, हे सांगणारा कुणीतरी हवा.

नावातील साम्यही फसवे असते. युरोपात व्हायटेक्स अग्नस-कास्टस नावाच्या झुडपाच्या फळांचा अर्क पाळीपूर्वीच्या त्रासावर देतात. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. १७० स्त्रियांना तीन मासिक चक्रे अर्काची वा तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळीची मात्रा देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के स्त्रियांचा त्रास निम्म्याने वा त्याहून अधिक कमी झाला, तर निर्गुण गोळी घेणाऱ्यांपैकी २४ टक्के स्त्रियांचा. फरक स्पष्ट आहे आणि आशादायक आहे. आपल्या बांधावरची निर्गुडी याच व्हायटेक्स कुळातील. म्हणून निर्गुडीचाही तोच गुण, असे कुणी म्हणू लागेल. पण बहीण असली तरी ती वेगळी वनस्पती आहे. तिची परीक्षा तिच्याच नावाने व्हावी लागेल. शिवाय याच चाचणीत निर्गुण गोळी घेऊनही चौघींपैकी जवळजवळ एकीला आराम वाटला, हेही विसरून चालणार नाही. ‘आमच्या शेजारणीला गुण आला’ या वाक्याचे नेमके मोल त्यातून कळते.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विक्रीस असलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली; त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यावर पुष्कळ वादंग झाला. रसौषधींत शुद्ध केलेले धातू शास्त्राला धरूनच असतात, हा वैद्यांचा आक्षेप आपण ऐकून घेतला पाहिजे. तथापि त्यानंतर केंद्र सरकारने निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली, यावरून प्रश्न खरा होता हे उघड आहे. परदेशी ग्राहकासाठी जी दक्षता, ती आपल्या वाडीवस्तीवरील गर्भवतीसाठी का नसावी? शिसे गर्भाच्या मेंदूला बाधते. मोफत पुडीत ते गेले तर त्याचे पातक वाटणाऱ्याच्या माथी येईल.

तिसरी गोष्ट उपयोगाची. येथे आम्हांस संमिश्र चित्र दिसले आणि ते जसेच्या तसे मांडणे हे आमचे कर्तव्य आहे.

शतावरीचे उदाहरण घ्या. बाळंतिणीला दूध येण्यासाठी शतावरी, हे आपल्याकडे गृहीतच आहे. १९९६ मध्ये इंडियन पेडिॲट्रिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शतावरीयुक्त औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या मातांत दुधाच्या वा प्रोलॅक्टिनच्या बाबतीत फरक आढळला नाही. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भारतीय चाचणीत मात्र शतावरी घेणाऱ्या मातांचे प्रोलॅक्टिन लक्षणीय वाढले. दोन्ही चाचण्या लहान. निकाल परस्परविरोधी. यावरून शतावरी टाकाऊ ठरत नाही आणि सिद्धही ठरत नाही. मोठी चाचणी व्हावी अशी ती पात्र उमेदवार आहे, इतकेच म्हणता येते.

पुदिन्याचे पाहा. पीसीओएसमुळे चेहऱ्यावर येणाऱ्या लवेसाठी पुदिन्याचा चहा सुचविला जातो. इंग्लंडमध्ये ४२ स्त्रियांवर ३० दिवस केलेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. चहा घेणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरले. परंतु डॉक्टरांनी मोजले तेव्हा लव कमी झाल्याचे दिसले नाही. केसांची वाढ मंदगतीने बदलते, त्यामुळे महिना हा काळ अपुरा होता. रक्ताच्या अहवालातील आकडा सुधारणे आणि त्या मुलीला आरशात फरक दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चाचणीने शिकविले.

दारुहळदीतील बर्बेरीन या द्रव्याची कसोटी याहून मोठी झाली. चीनमध्ये पीसीओएसमुळे मूल न होणाऱ्या ६४४ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला लेट्रोझोल ही नेहमीची गोळी, दुसऱ्याला बर्बेरीन, तिसऱ्याला दोन्ही. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के, दोन्ही घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के आणि केवळ बर्बेरीन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के स्त्रियांच्या कुशीत मूल आले. अपत्याची आस लावून बसलेल्या जोडप्याला हा फरक किती मोठा आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येकास समजेल. आधीच्या लहान अभ्यासांनी बर्बेरीनविषयी बऱ्याच आशा निर्माण केल्या होत्या. मोठ्या चाचणीने त्यांना मर्यादा घातली. अशी चाचणी झाली नसती तर कित्येक स्त्रियांची उमेदीची वर्षे वाया गेली असती.

रजोनिवृत्तीचेही तसेच. २००२ मध्ये अमेरिकेतील संप्रेरक-उपचारांची एक मोठी चाचणी स्तनकर्करोग व हृदयविकाराच्या धोक्यामुळे मध्येच थांबविण्यात आली आणि घाबरलेल्या अनेक स्त्रिया वनौषधींकडे वळल्या. ब्लॅक कोहोश ही उत्तर अमेरिकेतील वनस्पती त्यांत अग्रभागी होती. तिच्यावरील १६ चाचण्यांचा, २,०२७ स्त्रियांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये घेतला. गुणकारी म्हणावे असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यातच एक धोका आपल्याकडे फार दिसतो. पाळी कायमची थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो. अशा वेळी अशोकारिष्टाच्या बाटल्या संपवीत तीन महिने काढणे म्हणजे उपचाराची अमोल संधी दवडणे होय.

चौथी गोष्ट आम्ही भांडारातील मालाला लावीत नाही, पण औषधाला लावावी लागते. ती म्हणजे अपाय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत थायरॉइडची सौम्य मंदता असलेल्या ५० व्यक्तींना आठ आठवडे अश्वगंधेच्या मुळाचा अर्क वा निर्गुण गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांच्या थायरॉइड संप्रेरकांत सुधारणा दिसली. बातमी उत्साहवर्धक आहे. पण जी वनस्पती थायरॉइड वाढवू शकते, ती थायरॉइडची गोळी चालू असलेल्या वा थायरॉइड आधीच वाढलेल्या स्त्रीला बाधूही शकते. अश्वगंधेमुळे थायरॉइडचा अतिरेक झाल्याच्या, तसेच यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गर्भारपणात तर ती टाळावी असाच सल्ला आहे. ज्यात शक्ती आहे त्यात अपायाची शक्यताही असायचीच. झाडपाल्याने कधी वाईट होत नाही असे मानणे म्हणजे झाडपाल्याच्या सामर्थ्यावर अविश्वास दाखविणे होय.

हा समज किती खोल आहे, ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात पुन:पुन्हा दिसते. थायरॉइडची गोळी नियमित घेणारी सून दिवस जाताच गोळी बंद करते आणि कुणीतरी दिलेले चूर्ण सुरू करते. अशाच एका सुनेसोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “बाई, गोळ्या उष्ण पडतात. बाळाला बाधू नये म्हणून मीच बंद करायला लावल्या.” आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना जवळ बसविले आणि सांगितले, “मावशी, तुमचा हेतू चांगलाच आहे. पण पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करीत नाही. त्याचा मेंदू घडतो तो आईच्या थायरॉइडवर. ही गोळी औषध समजू नका, बाळाचा शिधा समजा. दिवस गेले की हा शिधा बहुधा वाढवावाच लागतो.” सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग सुनेला म्हणाल्या, “उद्यापासून मी स्वतः देते तुला गोळी.” त्या मावशींना कुणी आधी सांगितलेच नव्हते. आमच्या मते हीच खरी उणीव आहे आणि पैसा तिथे लागला पाहिजे.

आणखी एक मत नोंदविणे अगत्याचे आहे. आपल्याकडे मानसेवा देणाऱ्या वैद्यांना आम्ही मोफत वाटपाविषयी विचारले. त्यांचा विरोध डॉक्टरांपेक्षाही तीव्र होता. ते म्हणाले, नाडी नाही, प्रकृतीचा विचार नाही, पथ्य नाही, आणि रांगेतल्या प्रत्येकीला एकच पुडी. याला आयुर्वेद कसे म्हणावे? शतावरी जड असते, मंद अग्नी असलेलीला ती पचत नाही. हे पाहूनच ती द्यायची असते. आम्हांस त्यांचे म्हणणे मनोमन पटले.

कायद्याचे भानही ठेवावयास हवे. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम हा १९५४ चा कायदा स्त्रियांच्या मासिक पाळीच्या विकारांवर औषध असल्याची जाहिरात करण्यास मनाई करतो. ‘पाळीच्या तक्रारींवर मोफत औषध’ असा फलक दात्यांच्या नावानिशी रुग्णालयाच्या दारी लावणे, हे सद्हेतूने का होईना, याच कक्षेत येऊ शकते.

या सर्वांचा विचार करून आमचा अभिप्राय असा की, चूर्णे व काढे यांच्या मोफत वाटपासाठी निधी स्वीकारू नये. दात्यांनी मात्र आपली देणगी मागे न घेता केवळ तिचे शीर्ष बदलावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे. चार कामे आम्ही सुचवितो.

पहिले काम निदानाचे. तक्रार एक आणि कारणे पाच, हे आरंभी सांगितले. ज्या स्त्रीला थायरॉइडची रक्ततपासणी वा सोनोग्राफी परवडत नाही, तिच्यासाठी ती या निधीतून व्हावी. कारण कळल्यावाचून दिलेले कोणतेही औषध, मग ते गोळी असो वा काढा, अंदाजानेच दिलेले असते.

दुसरे काम नोंदीचे. प्रत्येक स्त्रीच्या केसपेपरवर ‘घरी चालू असलेली इतर औषधे, काढे, चूर्णे’ असा रकाना असावा आणि परिचारिकेने तो न रागावता, न हसता भरून घ्यावा. स्त्रिया काढ्याविषयी डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण बोलणी बसतील अशी भीती वाटते. सांगितले तरच सोयाबीन, लोह व कॅल्शियम यांमुळे थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, म्हणून त्यांत काही तासांचे अंतर ठेवावे, असा साधा सल्ला तरी देता येईल.

तिसरे काम एकत्रित सल्ल्याचे. आठवड्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ आणि वैद्य यांनी एकाच कक्षात बसावे. निदान झालेल्या स्त्रीला आहार, व्यायाम, झोप, पथ्य आणि आवश्यक तेथे शास्त्रोक्त, परवानाधारक निर्मात्याचे वनौषध, हे दोघांच्या संमतीने मिळावे. पीसीओएसमध्ये आहार व व्यायाम हा उपचाराचा पाया आहे, यावर दोन्ही शास्त्रांचे एकमत आहे. या कक्षात लिहून दिलेले औषध गरजू स्त्रीला विनामूल्य मिळण्यास आमची हरकत नाही.

चौथे काम झाडांचे. रुग्णालयाच्या मागील मोकळ्या जागेत एक लहान उद्यान करावे. खरा अशोक आणि उभा अशोक शेजारी शेजारी लावावेत. शतावरी, अश्वगंधा, निर्गुडी, मेथी, पुदिना असावेत. प्रत्येकापुढील पाटीवर परंपरेत उपयोग काय, चाचण्यांत काय आढळले आणि कुणी घेऊ नये, हे तीन ओळींत लिहावे. तपासणीसाठी तासन् तास बसणाऱ्या आप्तजनांना ते वाचता येईल, आणि दुर्मीळ होत चाललेल्या अशोकाची चार झाडे तरी आपल्या अंगणात वाढतील.

संशोधनाचे म्हणाल तर, परंपरेतील उपयोगापासून निघून रुग्णांवरील काटेकोर निरीक्षणाकडे आणि मग प्रयोगशाळेकडे जाणारा मार्ग आपल्याच देशात आखला गेला आहे, मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांनी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ या नावाने त्याचा पुरस्कार केला. एखादी मोठी संस्था अशा चाचणीसाठी आपल्या रुग्णालयाचे सहकार्य मागेल, तर नीतिसमितीची अनुमती, रुग्णाची लेखी संमती आणि २००७ साली सुरू झालेल्या भारतीय चाचणी नोंदवहीत रीतसर नोंद, या अटींवर आम्ही आनंदाने साहाय्य करू. वनस्पतीचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाही.

आमचा अभिप्राय स्वीकारला गेला तर काही देणगी अन्यत्र जाईल, याची आम्हांस जाणीव आहे. वाटलेल्या पुड्यांची संख्या अहवालात छापता येते, छायाचित्र काढता येते. वेळेवर कळलेल्या कर्करोगाचे वा न थांबलेल्या गोळीचे छायाचित्र निघत नाही. तरीही लेखापरीक्षक जसा प्रत्येक व्हाउचर पाहून मगच सही करतो, तशी सही आम्हांस या निधीवर करता आली पाहिजे. आपल्या विश्वासातूनच ही संस्था चालते. ज्या स्त्रीला आपण औषध देतो, तिचाही आपल्यावर तसाच विश्वास असतो. तिच्याजवळ तेवढेच भांडवल असते.

निर्णय अर्थातच विश्वस्त मंडळाचा आहे आणि तो शिरसावंद्य मानून आम्ही काम करू.